रोबो वॉर्डाच्या अंगवळणी पडतो तो कसा

प्रश्न: जिल्ह्याच्या ठिकाणी आमचं मध्यम आकाराचं खासगी रुग्णालय आहे. औषधं, सॅम्पल आणि फाइली पोहोचवणारा, स्क्रीनवर चेहरा असलेला, मराठीत बोलणारा रोबो घ्यायचं व्यवस्थापनानं मनावर घेतलं आहे. विक्रेता म्हणतो, दोन आठवड्यांत स्टाफ रुळतो. इथे सिस्टर आत्तापासूनच कुरकुरत आहेत आणि मामा-मावशींना (म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांना) नोकरीची धास्ती आहे. कामाच्या जागी माणसं अशा यंत्राला खरोखर स्वीकारतात का? स्वीकारत असतील तर ते घडतं कसं?

उत्तर:

स्वीकारतात. पण दोन आठवड्यांत नाही, आणि सगळे वॉर्ड एकदम तर कधीच नाही. रुग्णालयांत आणि हॉटेलांत असे रोबो बसवायचे, आणि बसवल्यावर ते चालतायत की कोपऱ्यात धूळ खातायत हे बघायचं, हे माझं अनेक वर्षांचं काम आहे. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. रोबोच्या येण्यानं कोणाचं काम हलकं झालं आणि कोणाचं वाढलं, यावर जवळजवळ सगळं ठरतं. चेहरा, आवाज, नाव या गोष्टी त्यानंतर येतात. तुमच्या सिस्टरांची कुरकुर आणि मामांची धास्ती ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यामुळे त्यांवरचे इलाजही वेगळे.

आधी सिस्टरांचं बोलू. कार्नेगी मेलन विद्यापीठातले बिल्गे मुटलू आणि जोडी फोरलिझी यांनी २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका रुग्णालयात सामान पोहोचवणारा रोबो रोजच्या वापरात होता. वेगवेगळ्या विभागांत त्याला कसं वागवलं जातं, हे त्यांनी तिथल्या लोकांत वावरून टिपलं. यंत्र तेच, इमारत तीच. बाळंतिणींच्या विभागात रोबो कामात मिसळून गेला, माणसांचं त्याच्याशी जमलं. मेडिकल विभागांत मात्र तोच रोबो नकोसा झाला. त्यांनी दिलेली कारणं तुमच्या मेट्रनना वाचून दाखवा, त्यांना ती ओळखीची वाटतील. तिथे कामात व्यत्यय सोसण्याची सवडच कमी होती. रोबोचा जो त्रास व्हायचा, त्या मानानं फायदा दिसत नव्हता. आणि कॉरिडॉर माणसांनी आणि सामानानं इतका भरलेला असायचा की रोबो सारखा अडायचा.

बाळंतिणींकडचा स्टाफ हौशी आणि मेडिकलचा जुन्या वळणाचा, असं तिथे काही नव्हतं. पेशंट वेगळे, म्हणून कामाची लय वेगळी, म्हणून रोबोविषयीचं मत वेगळं. "आमचा स्टाफ नव्या गोष्टींना तयारच होत नाही" असं एखादे प्रशासक मला सांगतात, तेव्हा मी त्यांना स्वभावाचं बाजूला ठेवून कोणत्या वॉर्डात, किती वाजता, हातात काय असताना, हे विचारतो.

मेडिकल वॉर्डातली सकाळ डोळ्यांसमोर आणा. नाइटच्या सिस्टर ओव्हर देतायत, म्हणजे पुढच्या पाळीला काम सोपवतायत. एका बेडची सलाईन संपत आली आहे, एका पेशंटला ऑपरेशन थिएटरला न्यायचं आहे, सरांची राऊंडला यायची वेळ झाली आहे आणि दोन नातेवाईक काउंटरला टेकून रिपोर्ट मागतायत. तेवढ्यात रोबो नर्सिंग स्टेशनसमोर येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "नमस्कार, मी आपली औषधं आणली आहेत. कृपया ड्रॉवर उघडा." कोणी उघडला नाही की थोड्या वेळानं पुन्हा तेच वाक्य, त्याच आवाजात. फार्मसीतून मामा आले असते तर त्यांनी काय केलं असतं? रागरंग बघून ट्रे काउंटरच्या आतल्या बाजूला सरकवला असता, "सिस्टर, बारा नंबरचं इंजेक्शन नाही आलं, मागून आणतो" एवढं हळूच सांगितलं असतं आणि जाता जाता नातेवाइकांना बाकावर बसवलं असतं. सिस्टर मनातल्या मनात हीच तुलना करत असतात. त्यांचं म्हणणं सुरुवातीला "रोबो नको" असं नसतंच, "आत्ता नको" एवढंच असतं. ते कोणी ऐकून घेतलं नाही की पुढे त्याचं "रोबो नको" होतं.

म्हणून अशा वॉर्डात मी स्टेशनपाशी रोबोचं बोलणं बंद करून घेतो. ड्रॉवरवर दिवा लागतो, एक हलका टोन वाजतो, वॉर्डच्या फोनवर मेसेज जातो, बस. सिस्टर मोकळ्या झाल्या की येतील. ओव्हरच्या आणि राऊंडच्या वेळा वेळापत्रकातूनच वगळतो. यानं रोबोच्या फेऱ्या कमी दिसतात आणि विक्रेत्याचा माणूस थोडा खट्टू होतो, पण वॉर्डाशी संबंध बिघडत नाहीत. पहिला वॉर्ड निवडताना सर्वांत जास्त गरज कुठे आहे हे बघू नका. जिथे कॉरिडॉर मोकळा आहे, वेळा ठरलेल्या आहेत आणि इनचार्ज सिस्टरांना स्वतःहून उत्सुकता आहे, तिथून सुरुवात करा. मेडिकल आणि आयसीयू सर्वांत शेवटी घ्या.

कॉरिडॉरमधली वागणूक हा या सगळ्याचा गाभा आहे. आपल्याकडे कॉरिडॉर म्हणजे नुसता रस्ता नसतो. तिथे नातेवाईक डबा खातात, चटई टाकून आडवे होतात, एखाद्या बाकावर कोणी रडत बसलेलं असतं. अशा ठिकाणी "कृपया बाजूला व्हा" म्हणत सरळ चालत येणारं यंत्र उद्धट वाटतं, मग आवाज कितीही गोड असो. मी शक्य तिथे ते वाक्य बदलून "मी थांबतो, तुम्ही जा" असं करून घेतो, आणि रोबो खरोखरच भिंतीच्या कडेला सरून थांबेल अशी सेटिंग करतो. स्ट्रेचर किंवा व्हीलचेअर समोरून आली तर तोंडातून शब्दही नको, फक्त कडेला सरायचं. रात्री दहानंतर आवाज अगदी खाली. पहिला मान कोणाचा, हे रोबोला कळतं असं एकदा माणसांना दिसलं की पुढचं निम्मं काम होतं. सोशल रोबो म्हटल्यावर लोकांना गप्पा मारणारं यंत्र आठवतं. वॉर्डात त्याचा सामाजिकपणा असतो तो कधी गप्प राहायचं आणि कुणासाठी थांबायचं हे कळण्यात.

आता चेहरा. विक्रेते यावर सर्वांत जास्त बोलतात, म्हणून मी थोडक्यात सांगतो. यंत्र माणसासारखं दिसायला लागलं की आवडायला लागतं, पण फार जवळ गेलं की अंगावर काटा येतो, हे जपानचे मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच लिहून ठेवलं. ताकानोरी शिबाता यांनी वृद्धांसाठी पारो हा रोबो बनवताना सीलच्या पिलाचं रूप घेतलं, कारण कुत्र्या-मांजराशी लोक लगेच तुलना करतात. सील कोणी पाळलेला नसतो, त्यामुळे तो खऱ्यासारखा नाही अशी तक्रार येत नाही. हे शहाणपण तुमच्या खरेदीत इतकंच वापरा: साधा, थोडा खेळण्यासारखा चेहरा चालतो, माणसाची नक्कल नको. मात्र डोळे कामाला येऊ शकतात. रॉडनी ब्रूक्स यांच्या रीथिंक रोबोटिक्सनं २०१२ मध्ये बॅक्स्टर नावाचा दोन हातांचा कारखान्यातला रोबो आणला होता. त्याच्या स्क्रीनवरचे डोळे हात जिकडे जाणार तिकडे आधी वळायचे. शेजारी काम करणाऱ्याला त्यातून पुढची हालचाल कळायची आणि मन निर्धास्त राहायचं. तुमच्या रोबोचे डोळे वळणावर आधी डावीकडे-उजवीकडे बघत असतील तर तो चेहरा उपयोगाचा. नुसता हसत असेल तर पहिल्या आठवड्यानंतर त्याकडे कोणी बघत नाही.

याच बॅक्स्टरवर ॲलिसन सॉप आणि मुटलू यांनी २०१५ मध्ये केलेल्या अभ्यासातली एक गोष्ट मी दर वेळी व्यवस्थापनाला सांगतो. रोबोशेजारी उभं राहून काम करणारे कामगार त्याच्याविषयी सहकाऱ्यासारखं बोलत, तर देखभाल विभागातले लोक आणि व्यवस्थापक त्याला यंत्रच समजत. एकाच छताखाली ही दोन मतं नांदत होती. म्हणजे तुमच्या केबिनमधून जे दिसतं त्यावरून वॉर्डात काय चाललंय याचा अंदाज बांधू नका.

"बँकांमध्ये तर लोक कौतुकानं फोटो काढतात" हे वाक्य मला प्रत्येक बैठकीत ऐकू येतं. खरं आहे. २०१६ मध्ये सिटी युनियन बँकेनं चेन्नईत 'लक्ष्मी' हा रोबो आणला, २०१७ च्या जानेवारीत एचडीएफसी बँकेनं मुंबईत कमला मिलच्या शाखेत 'इरा' उभी केली, २०२० च्या जूनमध्ये रेल्वे सुरक्षा दलानं पुणे स्टेशनवर प्रवाशांच्या तपासणीसाठी 'कॅप्टन अर्जुन' आणला. पण ग्राहक किंवा प्रवासी त्या रोबोला एकदा-दोनदा भेटतो. तुमच्या सिस्टर त्याला एका ड्युटीत कितीतरी वेळा भेटणार, वर्षभर भेटणार. पाहुण्याचं कौतुक आणि सहकाऱ्याचा स्वीकार यांत फार अंतर आहे.

त्यातही आवडणं वेगळं आणि उपयोगी पडणं वेगळं. २०१८ च्या सुरुवातीला एडिनबरातल्या मार्जोटा या सुपरमार्केटमध्ये हेरियट-वॉट विद्यापीठानं पेपर (Pepper) या माणसासारख्या दिसणाऱ्या जातीचा एक रोबो ठेवला होता, नाव फाबियो. बिअर कुठे आहे असं विचारलं तर तो "मद्यविभागात" असं सांगायचा. तो विभाग कुठे आहे, हे विचारणाऱ्याला कळायचंच नाही. आठवड्याभरात त्याला काढलं. आणि त्याला खोक्यात भरताना तिथल्या काही कर्मचाऱ्यांना रडू आलं, असं तेव्हा प्रसिद्ध झालं. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. माणसं यंत्राला जीव लावतात, ते खोटं नसतं. पण त्या जिव्हाळ्यावर काम चालत नाही. तुमच्याकडे सिस्टरांनी रोबोला 'सोन्या' नाव ठेवलं, त्याच्यासोबत सेल्फी काढले, म्हणून तो रुळला असं समजू नका.

एकाच माणसाशी रोबोचं कसं जुळतं हे बघून भागत नाही. तो आला की माणसामाणसांतही फरक पडतो. कार्नेगी मेलनमध्येच एका कार्यालयात स्नॅकबॉट नावाचा रोबो चार महिने खाऊ पोहोचवत होता, त्याबद्दलचा अभ्यास २०१२ मध्ये आला. तिथले लोक त्याच्याशी सभ्यपणे वागू लागले, त्याची बाजू घेऊ लागले, एकमेकांचं बघून वागू लागले आणि तुलना करता करता हेवादेखील करू लागले. माझ्या अनुभवात रुग्णालयात हे नेमकं याच रूपात येतं: "तिसऱ्या मजल्यावर सकाळी सातला जातो, आमच्याकडे दुपारी का?" "त्यांना ताई म्हणून हाक मारतो, आम्हाला नुसतं सिस्टर." ऐकायला किरकोळ वाटेल, पण वॉर्डावॉर्डांत मुळातच स्टाफ आणि सामान यांवरून ओढाताण असते, तिला हे नवं निमित्त मिळतं. उपाय सोपा आहे. फेऱ्यांचा क्रम का तसा आहे हे कारणासकट लिहून प्रत्येक स्टेशनवर लावा आणि सगळ्यांना एकच संबोधन ठेवा. आमच्या भागात "सिस्टर" आणि "तुम्ही" हेच बरं पडतं. "ताई", "मावशी" ही नाती माणसांनी जोडायची असतात. यंत्राच्या तोंडी ती काहींना खटकतात, विशेषतः वयानं मोठ्या मावशींना.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि जे कोटेशनमध्ये कधीच नसतं: रोबोमुळे तयार होणारं काम. जेम्स राइट या मानववंशशास्त्रज्ञानं जपानमधल्या एका वृद्धाश्रमात राहून रोबोंचा वापर जवळून पाहिला. पेपर तिथे वृद्धांचा व्यायाम घ्यायचा. पण तो एकटा बोलला तर कोणी हलायचं नाही, म्हणून एका कर्मचाऱ्याला त्याच्या शेजारी उभं राहून त्याच्याच हालचाली करून दाखवाव्या लागत. वृद्धांना उचलून ठेवणारं यंत्र हलवत बसायला वेळ जातो म्हणून काही दिवसांत बाजूला पडलं. पारोच्या बाबतीत, एक आजी त्याच्यात फारच गुंतल्या आणि दुसऱ्या कोणी त्याची कातडी सोलायला बघू लागल्या, त्यामुळे तिथेही लक्ष ठेवायला माणूस आलाच. यंत्रांना माणसांचं काम हलकं करायचं होतं, झालं उलट. नागासाकीजवळच्या हेन ना हॉटेलची कथाही अशीच. २०१५ मध्ये ते रोबोंनी चालवलेलं पहिलं हॉटेल म्हणून उघडलं. पुढे रोबोंची संख्या २४३ पर्यंत गेली आणि २०१९ च्या जानेवारीपर्यंत निम्म्याहून जास्त काढून टाकल्याची बातमी आली. खोलीतली बोलकी बाहुली पाहुण्याच्या घोरण्याला प्रश्न समजून त्याला रात्री उठवायची. पाहुणा वैतागून फोन करणार, तो उचलायचा माणसानंच.

म्हणून रोबो येण्याआधी एक कागद घ्या आणि लिहा: तो रोज कोण पुसणार, चार्जिंगला कोण लावणार, लिफ्टच्या दारात अडकला तर कोणाला फोन जाणार, रविवारी कोण, रात्री अडीचला कोण. प्रत्येकापुढे नाव आणि त्यासाठी दिलेला वेळ लिहा. हा वेळ ड्युटी लिस्टमध्ये दाखवला नाही, तर तो गुपचूप सिस्टरांच्या अंगावर पडतो, आणि ज्यांच्या अंगावर पडतो त्यांनी रोबोला स्वीकारावं अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. मी बसवलेल्या आणि आजही व्यवस्थित चालणाऱ्या प्रत्येक रोबोमागे असा एक ठरलेला माणूस आहे.

बहुतेक ठिकाणी तो माणूस म्हणजे मामाच. आणि इथे तुमचा दुसरा प्रश्न येतो.

मामा-मावशींची धास्ती खोटी नाही. त्यातले बरेचजण कंत्राटी असतात, एजन्सीमार्फत आलेले. कंत्राट संपलं की कोणी काही न सांगता नावं कमी होतात, हे त्यांनी पाहिलेलं असतं. त्यांना "रोबो तुमच्या मदतीला येतोय" असं सांगून काही होत नाही. त्यांना लेखी हवं असतं. किती मामा-मावशी ठेवणार, किती काळ, फेऱ्या वाचल्या तर त्यांना काय काम देणार. व्यवस्थापन हे लिहून द्यायला तयार नसेल, तर त्यांची भीती बरोबर आहे, आणि अशा ठिकाणी रोबो "रुळवून देण्याचं" काम मी घेत नाही. माणसांना फसवून यंत्राशी दोस्ती करायला लावणं मला योग्य वाटत नाही. टोकियोत निहोनबाशीला २०२१ पासून चालू असलेल्या डॉन कॅफेत ओरिहिमे नावाचे रोबो आहेत. गंभीर अपंगत्वामुळे घराबाहेर पडू न शकणारी माणसं ते घरून चालवतात आणि ग्राहकांशी बोलतात. रोबोमुळे नोकरी मिळाल्याचं ते उत्तम उदाहरण आहे. पण ते तुमच्या मामांना ऐकवू नका. त्यांच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे.

लेखी आश्वासन दिल्यावर मामांसोबत बसून त्यांच्या दिवसभराच्या कामाची यादी करा. मी हे नेहमी करतो, आणि दर वेळी डॉक्टरांना आश्चर्य वाटतं की सामान नेणं हा त्या कामाचा एक तुकडाच आहे. पेशंटला कुशीवर वळवायला हात देणं, बेडपॅन, हरवलेली व्हीलचेअर शोधणं, घाबरलेल्या म्हाताऱ्याला एक्स-रेला नेताना बोलत राहणं, मृतदेह खाली नेताना घरच्यांना सांभाळणं. यातलं काहीच रोबो करत नाही. मग मामांनाच विचारा, यातलं काय त्याला द्यावं. त्यांचं उत्तर बहुधा अगदी नेमकं असतं: पाय तुटतात ते लॅबच्या खेपांनी, रेकॉर्ड रूमच्या फाइलींनी. जे काम ते स्वतः देऊन टाकतात, ते यंत्र करू लागलं की त्याबद्दल त्यांना राग राहत नाही. जे काढून घेतलं जातं, त्याचा राहतो.

एका रुग्णालयात खंडेनवमीला सकाळी रोबो चालेचना म्हणून मला फोन आला. मामांनी त्याला हळद-कुंकू लावलं होतं आणि झेंडूचा भरघोस हार घातला होता. हार नेमका लेझर सेन्सरवर आला होता, त्यामुळे रोबोला समोर सतत अडथळा दिसत होता. मी त्यांना हार थोडा वर बांधायला सांगितलं आणि तो चालू झाला. त्या दिवशी त्यांनी स्टेरिलायझरची, ऑक्सिजनच्या मॅनिफोल्डची, लिफ्टच्या मोटरचीही पूजा केली होती. ज्या अवजारावर आपलं काम चालतं त्या रांगेत त्यांनी रोबोला बसवलं होतं, आणि माझ्या दृष्टीनं त्याहून मोठी पावती नाही. परदेशी लिखाणात "सहकारी" होणं ही स्वीकाराची सर्वांत वरची पायरी धरतात. आपल्याकडे अवजाराचा मानही मोठा आहे. रोबोनं माणूस व्हावं अशी कोणाचीच मागणी नसते.

स्वीकार मोजायचा कसा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो, कारण तिथेच व्यवस्थापन फसतं. १९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी मांडलेलं सूत्र अजून सगळीकडे वापरतात: यंत्र उपयोगी वाटतं का आणि वापरायला सोपं वाटतं का. सूत्र चांगलं आहे, मीही वापरतो. पण हे प्रश्न ज्याला निवड असते त्याच्या बाबतीत खरे ठरतात. तुमच्या सिस्टरांना निवड कुठे आहे? फॉर्म भरून घेतला तर सगळ्या "चांगला आहे" असंच लिहितील. नकार वेगळ्या वाटेनं बाहेर पडतो. चार्जिंग वारंवार राहून जातं. इमर्जन्सी स्टॉप दाबलेला सापडतो. चार्जिंगच्या जागेसमोर ट्रॉली उभी राहते. रोबो रिकामा असताना सॅम्पल हातानंच खाली जातं. याला मी खोडसाळपणा म्हणत नाही. ज्यांना बोलायला जागा नाही त्यांनी दिलेलं ते उत्तर आहे. तेव्हा रोबोच्या लॉगमधून, म्हणजे त्यात आपोआप होणाऱ्या नोंदींमधून, ही आकडेवारी दर आठवड्याला काढा, वॉर्डनिहाय आणि पाळीनिहाय. कोणाला शिक्षा करण्यासाठी नाही. तो लॉग शिस्तभंगासाठी वापरणार नाही, हे आधी जाहीर करा आणि पाळा. एकदा जरी रोबोच्या कॅमेऱ्यावरून कोणाला मेमो मिळाला तर तो रोबो कायमचा मॅनेजमेंटचा हेर ठरतो, मग काहीही केलं तरी ते नातं सुधारत नाही.

वेळेचा अंदाज हवा असेल तर, साधारण पहिला महिना कौतुकाचा असतो, त्यावरून काही ठरवू नका. मग कौतुक ओसरतं, बिघाड डोळ्यांत येऊ लागतात, आणि कुरकुर वाढते. हीच वेळ टिकून राहण्याची, कारण आता येणाऱ्या तक्रारी खऱ्या आणि दुरुस्त करता येण्याजोग्या असतात. "फायर डोअरपाशी अडतो", "बेड नंबर वीसच्या पुढे नेटवर्क जातं", "दुपारी झोपेच्या वेळी बोलतो". यातली प्रत्येक तक्रार आठवडाभरात सुटली आणि सांगणाऱ्याला ते कळवलं गेलं, की विश्वास बसायला लागतो. मग सहा-आठ महिन्यांनी कधीतरी रोबो बंद पडतो आणि एखाद्या सिस्टर फोन करून "अहो, कधी चालू होणार?" असं चिडून विचारतात. त्या चिडण्याची मी वाट बघत असतो.

स्वीकाराची दुसरी बाजूही आहे. माणसं यंत्रावर गरजेपेक्षा जास्त भरवसा टाकू लागतात. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. इमारतीत आगीचा अलार्म वाजवून आणि धूर करून, वाट दाखवणाऱ्या रोबोच्या मागे लोक जातात का ते पाहिलं. सगळे २६ जण गेले, आणि त्यातल्या निम्म्यांनी काही मिनिटांपूर्वीच त्या रोबोला चुकताना पाहिलेलं होतं. वॉर्डात याचं रूप म्हणजे ड्रॉवरमधून निघालेलं औषध न मोजता, लेबल न वाचता घेणं. "रोबोनं आणलंय म्हणजे बरोबरच असणार." म्हणून पेशंटचं नाव, औषध, मात्रा यांची पडताळणी रोबो कितीही जुना झाला तरी तशीच चालू ठेवा, आणि नार्कोटिकची औषधं पहिलं वर्षभर रोबोकडे देऊच नका.

शेवटी डेमोबद्दल. विक्रेता तो सकाळी अकराला, कॉन्फरन्स हॉलमध्ये, संचालकांसमोर ठेवेल. तो नाकारा. सकाळी आठला, ओव्हरच्या वेळेला, तुमच्या सर्वांत गजबजलेल्या वॉर्डात घ्या. कॉरिडॉर मोकळा करू नका, नातेवाइकांना हटवू नका, विक्रेत्याच्या माणसाला रोबोसोबत चालू देऊ नका. नाइटच्या इनचार्ज सिस्टर, फार्मसीतलं एक जण आणि दोन मामा बघायला हवेत, आणि त्यांनी हरकत घेतली तर खरेदी पुढे ढकलली जाईल असा अधिकार त्यांना लेखी द्या. डेमो संपल्यावर मामांना विचारा, याला पहिली फेरी कोणती द्यायची. ते बहुतेक रात्रीच्या सॅम्पलची सांगतील, वरच्या मजल्यावरून तळमजल्याच्या लॅबपर्यंतची. तिथूनच सुरू करा.